लखलखाट, हातातला गेम आणि फीट

“गेम खेळून खेळून पोराला फीट आली,” असे सांगत पालक येतात, तेव्हा आम्हाला दोन गोष्टी एकदम सांगाव्या लागतात. पहिली, गेममुळे अपस्माराचा आजार निर्माण होत नाही. दुसरी, ज्या मुलाच्या मेंदूत तशी प्रवृत्ती आधीपासून आहे, त्याला पडद्यावरच्या लखलखाटाने फीट येऊ शकते. पहिली गोष्ट ध्यानात घेतली नाही तर मुलाला मार बसतो. दुसरी घेतली नाही तर उपचार राहून जातो.

हातात धरून खेळायचा गेम ही काही आजची गोष्ट नाही. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ आणि १९८९ मध्ये ‘गेम बॉय’ बाजारात आणला. आपल्या वस्त्यांमध्ये ही महागडी खेळणी क्वचितच पोहोचली. आपल्या वाट्याला जत्रेतला ब्रिक गेम आला आणि पुढे नोकियाच्या फोनमधला साप. पहिल्या गेम बॉयच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, मुलांना दिव्याखाली बसूनच खेळावे लागे. आजचा मोबाईल स्वतः उजेड फेकतो आणि आपली पोरे तो अंधारात, पांघरुणात, नाकाजवळ धरून बघतात. मोठा फरक इथे पडला आहे.

जपानमधली ती संध्याकाळ

गेम बॉयवरच १९९६ मध्ये ‘पोकेमॉन’ आला. तो इतका गाजला की पुढच्याच वर्षी त्याचे कार्टून टीव्हीवर सुरू झाले. १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी त्याच्या एका भागात स्फोटाचे दृश्य होते. त्यात लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटून पालटून चमकला. हे काही सेकंदच चालले, पण जपानभरात ६८५ मुलांना रुग्णवाहिकेने दवाखान्यात न्यावे लागले. काहींना फीट आली, काहींना चक्कर, उलटी, डोकेदुखीचा त्रास झाला. सुदैवाने कोणी दगावले नाही. त्या रात्री बातम्यांमध्ये तेच दृश्य पुन्हा दाखवले गेले आणि आणखी काही मुले आजारी पडली. ‘बघा काय भयंकर’ म्हणून व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

यातली एक गंमत आम्हाला खटकते. तो लखलखाट लाडक्या पिकाचूच्या वीजहल्ल्याचा होता. पण त्या भागाच्या नावात ‘पोरिगॉन’ हे दुसरे पात्र होते, म्हणून नंतर कार्टूनमधून कायमचा बाजूला पडला तो पोरिगॉन. गाजलेला सुटला, बिनवशिल्याचा अडकला! घरातही असेच होते. चूक लखलखाटाची, झोप मोडण्याची आणि शिक्षा मात्र आजारी लेकराला.

मेंदूत काय होते?

मेंदूतील पेशी एकमेकींना विजेच्या अगदी सूक्ष्म लहरींनी निरोप देतात. बाजारात शंभर माणसे आपापले बोलत असतात तसे हे चालते. प्रकाश ठरावीक वेगाने उघडझाप करू लागला की काही जणांच्या मेंदूतील पेशी एकाच तालात ओरडू लागतात. तीच फीट. सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप धोक्याची असते. गडद लाल रंग आणि ठळक काळ्या-पांढऱ्या पट्ट्या त्यात भर घालतात.

अपस्मार असलेल्या १०० जणांपैकी साधारण ३ जणांनाच प्रकाशामुळे फीट येते. म्हणजे प्रमाण कमी आहे. पण ते शाळकरी आणि किशोरवयीन मुलांमध्ये जास्त दिसते, आणि गेम खेळणारे वयही तेच. रात्रभर जागून खेळले की धोका वाढतो, कारण अपुरी झोप हेच फीट येण्याचे एक मोठे कारण आहे.

घरात काय पाळायचे?

मोबाईल हातभर लांब धरावा. पडदा लहान असला तरी डोळ्याजवळ आणला की तो सगळी नजर व्यापतो. खोलीत दिवा चालू ठेवावा, पडद्याचा उजेड कमी करावा. अर्ध्या तासाने उठून बाहेर चक्कर मारावी. रात्री मोबाईल मोठ्यांच्या उशाशी असावा, आणि मोठ्यांनीही तो बंद ठेवावा! अचानक लखलखाट सुरू झाला तर नुसते डोळे मिटून भागत नाही, कारण पापणीतून उजेड आत जातो. तळहाताने एक डोळा पूर्ण झाकावा आणि मान दुसरीकडे वळवावी.

हाच नियम डीजेच्या लखलखत्या दिव्यांनाही लागू आहे. जयंतीच्या मिरवणुकीत आवाजाबद्दल आपण बोलू लागलो आहोत, आता या दिव्यांबद्दलही बोलू या. फीट येणारे लेकरू मिरवणुकीतून घरी ठेवण्यापेक्षा ते दिवे घरी ठेवलेले बरे.

फीट आली तर

घाबरू नका, आधी घड्याळ बघा. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा. मुलाला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. चप्पल किंवा कांदा हुंगवू नका. त्याने फीट थांबत नाही. ती बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबते आणि श्रेय चपलेला जाते. पाच मिनिटांहून जास्त वेळ फीट चालली, लागोपाठ दुसरी आली किंवा ही पहिलीच फीट असेल, तर १०८ ला फोन करा.

नंतर डॉक्टरांना सगळे सांगा: किती वेळ चालली, त्या आधी मूल काय करत होते, किती झोपले होते. जवळच्या कोणी व्हिडिओ काढला असेल तर तो डॉक्टरांनाच दाखवा, गटावर टाकू नका. ईईजी तपासणीत दिवा चमकवून मेंदूच्या लहरी बघतात, त्यात प्रकाशाचा संबंध कळू शकतो. गोळ्या सुरू झाल्या तर त्या मनाने बंद करू नका. बहुतेकांची फीट औषधाने आटोक्यात राहते.

लपवू नका

मुलीला फीट येते हे घरोघरी लपवले जाते. कारण एकच, लग्न. बौद्धांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात पूर्वी अपस्माराचे कारण दाखवून विवाह रद्द करून घेता येत असे. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द कायद्यातून काढून टाकला. कायदा बदलला, आता आपली सोयरीक जुळवणारी माणसे बदलायची आहेत. लपवलेल्या आजारात गोळी चुकते, आणि गोळी चुकली की चुलीपाशी किंवा विहिरीच्या काठावर फीट येते. तिथे जीव जातो.

म्हणून मुलाच्या हातातला गेम हिसकावून घेऊन प्रश्न सुटला असे समजू नका. गेम खेळताना एकदा जरी फीट आली असेल, तर या आठवड्यातच त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन जा.