मजला चढवून मध वाढत नाही

थेरगावात जागा कमी पडली की वर मजला चढतो. डांगे चौकापासून काळेवाडी फाट्यापर्यंत दोन्ही अंगांना बघत गेलं तरी हे कळतं. त्याच हिशेबाने इथला हौशी मधपाळ पेटी आणल्या आणल्या विचारतो, "वर आणखी एक कोठी चढवली तर मध दुप्पट निघेल ना?" निघणार नाही. उलट असलेली वसाहतही हातची जाण्याची शक्यता जास्त. मधपेटीबद्दलच्या गैरसमजांत हा सगळ्यांत महागात पडणारा, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच.

पेटीची रचना साधी आहे. खालची कोठी पिलाव्याची. तिच्यात राणी, तिची अंडी, अळ्या, कोष आणि त्यांच्यापुरता मध नि पराग. वरची उथळ कोठी ती मधकोठी. बाजारात तिलाच सुपर म्हणतात. घरखर्च भागून उरलेला मध माशी या कोठीत ठेवते. तो उरतो केव्हा? बाहेर फुलं भरपूर आणि आत मकरंद आणणाऱ्या माश्याही भरपूर, हे दोन्ही एकाच वेळी जुळलं तर. यातलं एक जरी नसलं, तर वर चार कोठ्या ठेवल्या तरी त्या रिकाम्याच राहणार.

आणि रिकामी कोठी निरुपद्रवी नसते. पिलाव्याभोवती माश्या चौतीस-पस्तीस अंश तापमान सांभाळत असतात. पुण्याच्या थंडीत डोक्यावर मोकळी पोकळी ठेवली की ती ऊब वर निघून जाते आणि ती भरून काढायला माश्या साठवलेला मध खातात. ज्या पोळ्यावर माश्यांची वर्दळ नाही, त्यात मेणकिडा अंडी घालतो. त्याच्या अळ्या पोळं पोखरून जाळी करून ठेवतात. आपल्या सातेरी माशीची तर खास खोड आहे. किडा, मुंग्या, उपासमार किंवा वारंवार उघडझाप यांपैकी काहीही असह्य झालं की ती सगळं बिऱ्हाड सोडून उडून जाते. पेटी तुमची, माशी तुमची नव्हे.

"पेटीत कुठलीही माशी चालते"

वाकड-थेरगावातल्या उंच इमारतींच्या छज्ज्यांखाली जे मोठं, उघडं, एकपदरी पोळं लटकतं ते आग्या माशीचं. "ती माशी पेटीत घालून द्या, मधही मिळेल आणि सोसायटीचा त्रासही जाईल," अशी मागणी बरेचदा ऐकू येते. आग्या माशी उघड्यावर एकच पोळं बांधते, अंधाऱ्या पोकळीत राहत नाही. जगात कुणीही तिला सुपर-बिपर लावून पाळत नाही. झुडपात लहानसं पोळं करणारी फुलोरी माशीही उघड्यावरचीच. खोकी-चौकटीच्या पेटीत राहतात त्या दोन. एक आपली सातेरी, जी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत समांतर पोळी लावते. दुसरी युरोपातून आलेली मेलिफेरा, जिचं पालन १९६० च्या दशकात पंजाबात यशस्वी झालं आणि मग देशभर पसरलं. (आग्याचं पोळं दिसताच कीटकनाशकाची फवारणी करून घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की फुलोरा संपला की ती बहुधा आपणहून जाते.)

या दोन माश्यांच्या पेट्याही वेगळ्या. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथने १८५२ मध्ये ज्या पेटीचं पेटंट घेतलं, तिची सगळी करामत एका फटीत होती. पोळं धरणारी चौकट आणि पेटीची भिंत यांच्यामध्ये माशीला जाण्यापुरतीच, एक सेंटिमीटरच्या जरा आतली जागा ठेवली तर माशी ती बुजवत नाही आणि तिथे पोळंही बांधत नाही. फट जास्त झाली की वाटेल तिथे आडवंतिडवं पोळं येतं आणि कोठी उचलताना ते तुटून मध सांडतो. सातेरी अंगाने लहान, म्हणून तिच्या पेटीची मापं लहान. तेव्हा "कोठी ती कोठी" म्हणून एका सुताराकडून खालची आणि दुसऱ्याकडून वरची घेऊ नका. मेलिफेराचं सुपर सातेरीच्या पेटीवर बसवायची खटपट तर नकोच.

"तारीख सांगा, त्या दिवशी कोठी चढवतो"

तारीख कुणीच सांगू शकत नाही, कारण फुलांना तारीख नसते. पवनेच्या काठाने, केजुदेवी बंधाऱ्याच्या बाजूला आणि सोसायट्यांच्या कुंपणाला जी झाडं आहेत त्यांचा क्रम ढोबळपणे सांगता येतो. थंडी सरता सरता शेवगा आणि ग्लिरिसिडिया, मग करंज, कडुलिंब, जांभूळ. कारखान्यांच्या पट्ट्यात फुलं कुठली, असं म्हणणाऱ्यांनी चैत्रात एकदा रस्त्याकडेच्या करंजाखाली उभं राहून कान द्यावा. पण एखाद्या वर्षी अवकाळी पाऊस मोहोर झाडतो, एखाद्या वर्षी रुंदीकरणात झाडच जातं. सातेरी साधारण एक-दीड किलोमीटरच्या आतच चरते. त्यामुळे थेरगावातल्या पेटीला जे लागू ते चाकणच्या पेटीला लागू होईलच असं नाही.

सह्याद्रीतल्या मधपाळाला हे कारवी शिकवते. कारवी आठ वर्षांतून एकदा, पावसाळा सरताना फुलते. एरवी भाद्रपदात कोठी चढवणं वेडेपणाचं. माश्या पावसाच्या उपासातून नुकत्या सावरत असतात. पण कारवीच्या वर्षी डोंगराजवळ पेटी असेल तर त्याच दिवसांत कोठी हाताशी हवी. कारवीचा मध इतका निराळा, की मधाच्या सरकारी मानकांत सुक्रोजची सर्वसाधारण मर्यादा ५ टक्के असताना त्याला १० टक्क्यांपर्यंत सूट दिली आहे.

मग पाहायचं काय? झाकण उघडा. खालच्या कोठीतल्या सगळ्या चौकटींवर, अगदी कडेच्या दोन्हींवरही, माश्यांची दाटी आहे का? चौकटींच्या वरच्या कडेला मध साठून पोळ्याच्या तोंडाशी नवं पांढरं मेण दिसतंय का? आतल्या झाकणाला माश्या पोळ्याची जीभ लावायला लागल्यात का? चौकट आडवी धरून हलका झटका दिला की ताज्या मकरंदाचे थेंब पडतात का? यांतल्या बहुतेकांचं उत्तर "हो" असेल आणि बाहेर फुलोरा चढता असेल, तर कोठी चढवायची. दोन चौकटी रिकाम्या दिसत असतील तर झाकण लावा आणि आठवड्याने पुन्हा या.

उशीर करणंही तितकंच वाईट. खाली दाटी झाली, राणीला अंडी घालायला जागा उरली नाही, की कामकरी माश्या नव्या राणीची घरं बांधतात आणि जुनी राणी मोठा थवा घेऊन निघून जाते. मोहोळ फुटलं की त्या हंगामाचा मध गेला असं धरून चाला. थवा निघायच्या बेतात असताना घाईने कोठी चढवून तो थांबेलच, याचाही भरवसा नसतो.

पहिली कोठी दोन-तृतीयांशाहून जास्त भरली की दुसरीचा विचार. ती पहिलीच्या वर ठेवायची की मध्ये सरकवायची, यावर मधपाळ हिरिरीने भांडतात. जॉर्जिया विद्यापीठात दोन्ही पद्धतींची तुलना झाली, तेव्हा मधाच्या उताऱ्यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. म्हणून माझं मत, वर ठेवा. भरलेली कोठी उचलून कंबर धरून बसण्यात काही हशील नाही. तसंही सातेरीला दुसरी कोठी क्वचितच लागते. तिच्या एका पेटीतून वर्षाला पाच ते दहा किलो मध म्हणजे चांगलं पीक. पंचवीस-तीस किलोंचे आकडे मेलिफेराचे असतात.

राणीला वर येऊ न देणारी जाळी हवीच, हाही असाच अर्धवट समज. राणीच्या मार्गात पिलाव्यावर मधाचा जाड पट्टा असला की ती सहसा वर येत नाही. जाळीमुळे कामकरी माश्याही, विशेषतः वर नुसते कोरे मेणपत्रे असतील तेव्हा, वर जायला कुचरतात. जाळी लावायचीच तर आधी माश्यांना वर काम सुरू करू द्या, राणी खाली असल्याची खात्री करा आणि मग लावा. मेलिफेराच्या मापाची जाळी सातेरीच्या राणीला अडवत नाही.

"मध दिसला की काढायचा"

मकरंदात निम्म्याहून अधिक पाणी असू शकतं. माश्या ते पंखांच्या वाऱ्याने आटवतात आणि मध पिकला की घरावर मेणाची टोपी बसवतात. मधात पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असं भारतीय मानक सांगतं. टोप्या न बसलेला मध काढून बाटलीत भरला की तो फसफसतो आणि मग दोष माशीला दिला जातो. चौकटीचा किमान तीन-चतुर्थांश भाग टोपीबंद असेल तरच ती बाहेर घ्या. खालच्या कोठीतला मध कितीही दिसला तरी त्याला हात लावायचा नाही. जून ते ऑगस्ट पावसात माशीला बाहेर काही मिळत नाही, तेव्हाची तिची शिदोरी तीच. पाऊस लागण्याआधी रिकाम्या झालेल्या मधकोठ्या उतरवून घरात मेणकिड्यापासून जपून ठेवाव्यात.

पोळं हाताने पिळलेला मध जास्त अस्सल, या समजुतीने तर दुहेरी नुकसान होतं. पिळताना अळ्या आणि पराग मधात उतरतात. शिवाय एक किलो मेण तयार करायला माशीला कित्येक किलो मध खर्ची घालावा लागतो. मधयंत्रात फिरवून मध काढला की पोळं शाबूत राहतं, ते पुन्हा कोठीत लावता येतं आणि माशी थेट साठवायला लागते. बांधलेल्या पोळ्यांची कोठी भर फुलोऱ्यात किती वेगाने भरते, हे पाहिल्याशिवाय पटत नाही.

साखरपाणी द्यावं की नाही? टंचाईत द्यावं, त्यात फसवणूक काही नाही. पण वर मधकोठी असताना दिलेला पाक माशी तिथेच नेऊन ठेवते आणि तुम्ही विकता तो मध राहत नाही. खाऊ घालणं आणि मधकोठी या दोन गोष्टी एकाच वेळी पेटीवर असता कामा नयेत.

हे सगळं वाचून पेटी आणायचा विचार पक्का होत असेल तर आधी हातात चौकट धरायला शिका. महाबळेश्वरात राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे आणि त्याच तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. इतक्या लांब जायला जमत नसेल तर पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. थेरगावाहून औंधमार्गे ती फार दूर नाही. प्रशिक्षण आधी घ्या, पेटी नंतर घ्या आणि पहिल्या वर्षी मधकोठी चढवायची वेळ आलीच नाही तर निराश होऊ नका.