चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनास अवश्य जावे

सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ साली मुंबईच्या काळा घोडा परिसरात उभ्या राहिलेल्या जहांगीर कलादालनात प्रवेशमूल्य नाही, हे ठाऊक असूनही, उद्घाटन म्हणजे केवळ निमंत्रितांचा दरबार, अशा समजुतीने कित्येक रसिक त्या सायंकाळी तिकडे फिरकत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. वस्तुतः बहुतेक दालनांत अशा प्रसंगी कोणासही मज्जाव नसतो आणि दस्तुरखुद्द चित्रकाराशी संभाषण करण्याची संधी सहज लाभते.

प्रथम कलावंताचे निवेदन वाचावे. मग चित्राच्या निकट जाऊन रंगलेपाची जाडी, पॅलेट नाइफचे फटकारे आणि रंगाआडून डोकावणारी कॅनव्हासची वीण न्याहाळावी. शेजारच्या चिठ्ठीवर माध्यम, आकारमान व साल नमूद असते. तेथे लाल टिकली दिसल्यास ती कृती विकली गेली असे समजावे. ‘अर्थ काय?’ असे विचारण्यापेक्षा ‘यातला कोणता थर आधीचा?’ असे विचारल्यास चित्रकार अधिक मोकळेपणाने बोलतो.

जहांगीर कलादालनाच्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर केकू व खोर्शेद गांधी यांनी १९६३ साली सुरू केलेली केमोल्ड गॅलरी आता जवळच प्रेस्कॉट रोडवर आहे. तीही त्याच फेरीत पाहावी.