‘टू हॅव’ म्हणजे भूतकाळ?

चोरीच्या बातमीत इंग्रजी पेपर लिहितो, ‘ही इज अलेज्ड टू हॅव टेकन द मनी.’ मराठी पेपरात तीच ओळ येते, ‘त्याने पैसे घेतल्याचा आरोप आहे.’ आरोप आजचा, घेणं आधीचं. हे ‘आधीचं’पण मराठी ‘घेतल्याचा’ या एका शब्दात उरकते. इंग्रजीला त्यासाठी ‘टू हॅव’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप लागतं. याचंच नाव परफेक्ट इन्फिनिटिव्ह.

‘टू हॅव’ दिसलं की भूतकाळ, असं अनेक जण धरून चालतात. पण ‘आय होप टू हॅव फिनिश्ड बाय फ्रायडे’ या वाक्यातला शुक्रवार अजून उजाडायचाच आहे! काम शुक्रवारच्या आत झालेलं असेल, एवढंच ते सांगतं. म्हणजे हे रूप काळ दाखवत नाही, मागचं-पुढचं दाखवतं.

‘ही’ आणि ‘शी’ला ‘हॅज’ लागतं, हा नियम शाळेत इतका घोटलेला असतो की ‘ही सीम्स टू हॅज गॉन’ सहज लिहिलं जातं. चूक. कर्ता कोणीही असो, ‘टू’नंतर ‘हॅव’च. ‘ही मस्ट हॅव गॉन’मध्ये ‘टू’ गळतो, ‘हॅव’ मात्र तसाच राहतो.

खरी गंमत ‘वॉज टू हॅव’मध्ये आहे. ‘द टायटॅनिक वॉज टू हॅव अराइव्ड इन न्यूयॉर्क’: पोहोचायची होती, पोहोचली नाही. १५ एप्रिल १९१२ला ती बुडाली, हे पुढे सांगितलं नाही तरी बेत फसल्याचं कळतं. नुसतं ‘वॉज टू अराइव्ह’ म्हटलं तर ती पोहोचलीही असेल.

दोनदा ‘हॅव’ घातलं की इंग्रजी भारदस्त होतं, हाही एक भ्रम. ‘आय वुड हॅव लाइक्ड टू हॅव सीन इट’ अशा दुहेरी रचनेवर इंग्रजीचे कोशकार फाउलर यांनी १९२६च्या आपल्या कोशात टीका केली होती. बहुतेक वेळा एक ‘हॅव’ पुरतो. तेव्हाच पाहायची इच्छा होती, तर ‘वुड हॅव लाइक्ड टू सी’. पाहायचं राहिलं याची हळहळ आज वाटते, तर ‘वुड लाइक टू हॅव सीन’.

आणि हे घोळ फक्त आपलेच नाहीत. बोलताना ‘कुड हॅव’मधला ‘हॅव’ इतका दबतो की तो ‘ऑफ’सारखा ऐकू येतो. म्हणून जन्मापासून इंग्रजी बोलणारेही सर्रास ‘कुड ऑफ’ लिहितात. तेही चूकच.