शिंगांची शिरस्त्राणे आणि नागीण तोफ



‘पाथफाइंडर’ नावाचा २००७ सालचा एक इंग्रजी चित्रपट आहे. वरच्या वर्गांतील काही मुलांच्या बोलण्यात हल्ली त्याचे नाव येऊ लागले आहे. पालकांसाठी आधीच सांगतो : अमेरिकेतही या चित्रपटाला असे प्रमाणपत्र मिळाले आहे की सतरा वर्षांखालील मुलांनी तो मोठ्या माणसाच्या सोबतीनेच पाहावा. तेव्हा तो पाहा अशी शिफारस आम्ही करीत नाही. पण मुले त्याविषयी ज्या पद्धतीने बोलतात त्यातून एक विषय निघाला, आणि तो शेवटी आपल्याच घरचा निघाला, म्हणून हा लेख.

चित्रपट व्हायकिंग लोकांविषयी आहे. व्हायकिंग म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे, आजच्या नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्क या देशांतील दर्यावर्दी. ते व्यापार करीत, लूटमार करीत आणि जिथे जमीन मिळेल तिथे शेतीही करीत. कोलंबसाच्या सुमारे पाचशे वर्षे आधी ते अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले होते. कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर १९६० नंतरच्या उत्खननात त्यांची घरे सापडली, आणि तेथील लाकडे इसवी सन १०२१ मध्ये तोडलेली होती हे शास्त्रज्ञांनी २०२१ साली दाखवून दिले.

चित्रपटाची कल्पना वाईट नाही. त्या किनाऱ्यावर एक व्हायकिंग मुलगा मागे राहतो. तिथली स्थानिक जमात त्याला आपले मूल म्हणून वाढवते. पंधरा वर्षांनी व्हायकिंग परत येतात, वस्ती कापून काढतात, आणि हा तरुण आपल्याच रक्ताच्या लोकांविरुद्ध उभा राहतो. कोणाही लेखकाला हेवा वाटावा असा हा पेच आहे. पण तो तरुण मनात काय भोगतो हे दाखवायला चित्रपटाला सवड नाही. धुके, चिखल, रक्त, उडणारी मुंडकी आणि बर्फ यांतच वेळ संपतो. व्हायकिंगांपैकी बहुतेकांना ना नाव ना चेहरा, नुसते काळे लोखंड आणि डोक्यावर शिंगे.

या शिंगांची गंमत ऐका. व्हायकिंग शिंगांची शिरस्त्राणे घालीत नसत. नॉर्वेत १९४३ साली त्या काळचे एक लोखंडी शिरस्त्राण सापडले, ते साधे गोल आहे. शिंगांची टूम लोकप्रिय झाली ती १८७६ साली जर्मनीत वाग्नरच्या संगीत नाटकांचे कपडे शिवले गेले तेव्हापासून. रंगमंचावर लांबून उठून दिसावे म्हणून केलेली ती युक्ती. तिने खऱ्या शिरस्त्राणाला लोकांच्या मनातून पार हुसकावून लावले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

एका विद्यार्थ्याला आम्ही म्हटले, “बाबा रे, गोष्ट सांग.” त्याने उत्साहाने सांगितली, पण तिचे प्रत्येक वाक्य ‘मग’ने सुरू होत होते. मग ते आले, मग याने उडी मारली, मग तो पडला, मग बर्फ कोसळला. मुलाचा यात काही दोष नाही. चित्रपटच तसा जोडलेला आहे.

आता योगायोग असा, की हा चित्रपट एका जुन्या चित्रपटावरून बेतलेला आहे. १९८७ साली नॉर्वेत नील्स गाऊप या दिग्दर्शकाने तो सामी भाषेत काढला. सामी म्हणजे युरोपच्या अगदी उत्तरेकडील, रेनडिअर पाळणारे लोक. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी एक दंतकथा त्याने घेतली. एका मुलाचे कुटुंब परके लुटारू मारून टाकतात. तो जखमी होऊन पळतो आणि दुसऱ्या वस्तीला जातो. पण त्याच्या मागावर लुटारू तिथेही येणार, म्हणून वस्तीतील लोक त्याच्यावर चिडतात. वस्ती समुद्राकडे निघून जाते. मागे राहिलेला एक जाणता वृद्ध लुटारूंच्या हाती सापडतो, त्याचे हाल होतात. म्हणून मुलगा लपलेला बाहेर येतो आणि म्हणतो, मी तुम्हाला वाट दाखवतो. ती वाट तो कड्यावर नेऊन संपवतो. इथे ‘मग’च्या जागी ‘म्हणून’ येतो, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. या चित्रपटाजवळ पैसा थोडा होता आणि सामी भाषा बोलणारे लोकही थोडे, तरी ऑस्करसाठी परकीय भाषेतील उत्तम चित्रपटांच्या अंतिम यादीत तो पोहोचला. कडा दोन्ही चित्रपटांत आहे. जुन्यात तो कडा जवळ येऊ लागला की पोटात गोळा येतो. नव्यात तो अनेक देखाव्यांपैकी एक देखावा आहे.

असे का होते? एक कारण सरळ पैशाचे आहे. मोठा खर्च केलेला चित्रपट जगभर विकावा लागतो, आणि तलवारबाजीला भाषांतर लागत नाही. मनातला पेच मात्र शब्दांतून, नजरेतून, नात्यागोत्यांतून समजावा लागतो.

पण भव्य देखाव्यालाच नावे ठेवायची तर आपल्याला दादासाहेब फाळक्यांपासून सुरुवात करावी लागेल! पादऱ्याच्या मुलांना हे माहीत असावे, की फाळके आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेली ही संस्था. चित्रकला, छायाचित्रण अशी हातची विद्या घेऊन फाळके पुढे चित्रपटाकडे वळले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पुढे ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) आले. हे सारे चमत्कारांचे चित्रपट होते. जळती लंका, नागाच्या फण्यावरचा बाळकृष्ण. शब्द तर नव्हतेच, मूकपट ते.

तरीही प्रेक्षक भारावून जात, कारण गोष्ट ते घरून घेऊन येत. मारुतीची शेपटी कोणी आणि का पेटवली हे आजीने, कीर्तनकाराने, पोथीने आधीच सांगितलेले असे. फाळक्यांनी देखावा दिला आणि प्रेक्षकांनी त्यात आपली गोष्ट भरली. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२३ साली ‘सिंहगड’ काढला, कृत्रिम प्रकाशात रात्रीची दृश्ये टिपली. तेव्हाही तेच घडले. पोवाडा कानांत होता आणि ज्या हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवर तो बेतला होता ती हातोहात फिरत होती. (त्या मूकपटात शेलारमामा झाले होते व्ही. शांताराम. त्यांनीच पुढे १९३३ साली प्रभातसाठी ‘सिंहगड’ बोलपटात आणला.)

आज आमच्या मुलांची स्थिती वेगळी आहे. आपली घरे कित्येक पिढ्या गुजरातेत आहेत. मुले बाहेर गुजराती बोलतात, पुस्तके बहुधा गुजराती नाही तर इंग्रजी, घरात मराठी आहे पण पोवाडा राहिला नाही. त्यामुळे तानाजी मालुसऱ्यांची गोष्ट पुष्कळांना पहिल्यांदा भेटली ती १० जानेवारी २०२० रोजी प्रदर्शित झालेल्या ‘तान्हाजी’ या हिंदी चित्रपटात. चित्रपट देखणा आहे, आम्हीही तो शेवटपर्यंत पाहिला. परंतु शिवजयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेत एकाहून अधिक मुलांनी आम्हाला ‘नागीण’ तोफेची हकीकत इतिहास म्हणून ऐकवली, तेव्हा मात्र शिंगांची शिरस्त्राणे आठवली.

नागीण तोफ चित्रपटवाल्यांच्या कल्पनेतील आहे. कोंढाण्यावरून ती राजगडावर रोखली जाते असे दाखवले आहे. या दोन गडांत सरळ रेषेत पंधरा किलोमीटरांच्या आसपास अंतर आहे, आणि त्या काळच्या तोफेचा गोळा त्याच्या जवळपासही पोहोचत नसे.

मग खरी हकीकत काय? १६६५ च्या पुरंदरच्या तहात मिर्झाराजे जयसिंगांकडे तेवीस किल्ले द्यावे लागले, त्यांत कोंढाणा होता. म्हणून तो परत घ्यायचा होता. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे निवडक मावळ्यांनिशी कडा चढून गेले. किल्लेदार उदेभान राठोड आणि तानाजी, दोघेही त्या झुंजीत पडले. धाकटे बंधू सूर्याजी यांनी माणसांना सावरले आणि गड घेतला. महाराजांच्या पदरी असलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली जिंजीला लिहिलेल्या बखरीत हे सारे अगदी थोडक्यात येते. गडावर पागेला आग लावून खूण केली, तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, गड आला म्हणून त्यांना आनंद झाला, आणि मग बातमी आली. तोफ नाही, गर्जना नाही. अंधारात दूरच्या डोंगरावर दिसणारा एक उजेड, आणि तो पाहणाऱ्याला अजून ठाऊक नसलेली किंमत. आमच्या मते साऱ्या हकीकतीतील सर्वांत मोठा प्रसंग हाच आहे. तो दाखवायला संगणकाची करामत फारशी लागत नाही.

कोणी म्हणेल, पोवाड्याने तरी काय कमी भर घातली? घोरपड शाहिराचीच. रायबाच्या लग्नाचा प्रसंगही आपल्यापर्यंत पोवाड्यानेच पोहोचवला. हा आक्षेप रास्त आहे. पण भर आणि भर यांत फरक असतो. रायबाचे लग्न ऐकले की तानाजीने काय बाजूला ठेवले ते कळते. घरात अक्षता, मांडव, पाहुणे, आणि बाप निघाला. (हा भाग चित्रपटातही आहे आणि तो चांगला उतरला आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.) नागीण तोफेने फक्त संकटाचा आकार वाढतो. तानाजीविषयी ती काहीच सांगत नाही.

तोफांवरून आपल्या गावाचे आठवले. खंडेराव गायकवाडांनी चांदीच्या तोफा ओतवल्या आणि त्यांचे बंधू मल्हारराव यांनी त्यावर ताण करून सोन्याच्या ओतवल्या, हे बडोद्याला फिरायला गेलेल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. पण हेच मल्हारराव त्याआधी पादऱ्यात कैदेत होते, हे आम्ही वर्गात विचारले तेव्हा फार थोड्यांना ठाऊक होते. भावाच्या जिवावर उठल्याचा आरोप ठेवून खंडेरावांनी त्यांना १८६३ साली इथे ठेवले. १८७० च्या नोव्हेंबरात खंडेराव वारले आणि कैदी पादऱ्याहून निघून थेट गादीवर गेला. पुढे १८७५ साली इंग्रज रेसिडेंटवर विषप्रयोगाचा आरोप आला, मोठी चौकशी बसली, पंचांत मतभेद झाले, तरी मल्हाररावांना पदच्युत केले गेले. म्हणून दत्तक वारस शोधावा लागला, आणि म्हणूनच कवळाण्याचा एक शेतकऱ्याघरचा मुलगा बडोद्याचा सयाजीराव झाला. यातले किती ‘म्हणून’ आहेत ते मोजा. सात वर्षे या गावात कोंडलेला माणूस सुटल्यावर सोन्याची तोफ का ओतवतो, या एका प्रश्नावर चित्रपट निघू शकेल. एकही तोफ डागावी लागणार नाही.

विश्वस्त मंडळींपुढे शिवजयंतीला ‘तान्हाजी’ पडद्यावर दाखवण्याची सूचना आली आहे. आमचा तिला विरोध नाही. मुलांना मोठ्या पडद्यावर गड पाहू द्यावा. मात्र त्याच्या आदल्या आठवड्यात सभासदाच्या बखरीतील हा भाग प्रत्येक वर्गात मोठ्याने वाचला जावा. तो दोन पानांचासुद्धा नाही, भाषा जुनी आहे, शिक्षक शब्द उलगडून सांगतील. ज्या घरांत आजी-आजोबांना पोवाडा येतो त्यांनी एक तास शाळेत यावे, अशी विनंती आहे. चित्रपटानंतर मुलांनी एकच कागद लिहायचा : बखरीत काय होते, पोवाड्यात काय वाढले, चित्रपटात काय वाढले, आणि वाढलेल्यातले काय ठेवावेसे वाटते व का. निवडक कागद पुढील अंकात छापू. नागीण तोफ ठेवावी असे कोणी सकारण लिहिले तर तोही कागद छापला जाईल.