आधी खोली ऐका

नव्याने बांधलेल्या, प्लास्टर वाळलेल्या रिकाम्या खोलीच्या मधोमध उभे राहा आणि एक टाळी वाजवा. हात थांबतात, तरी आवाज भिंतीभिंतींवर आपटत घुमत राहतो. मग घरातल्या गोधड्या दोऱ्या बांधून त्याच खोलीत टांगा आणि पुन्हा टाळी वाजवा. आता ती कोरडी, नेमकी ऐकू येते. घरगुती ध्वनिमुद्रणाचे निम्मे विज्ञान या दोन टाळ्यांमधल्या फरकात आहे.

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातले कोंढा हे धानपट्ट्यातले गाव. या साऱ्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये आहेत, भजनी मंडळे आहेत. स्वतः गाणी रचायची, स्वतः चाल लावायची, कुठल्याही कंपनीच्या दारात न जाता लोकांपुढे सादर करायची. शहरात ज्याला 'स्वतंत्र बँड' म्हणतात, ते इथे फार जुने आहे. अशा मंडळाला आपले गाणे मुद्रित करायचे असेल, तर लॅपटॉप, माइक त्याला जोडणारा एक ऑडिओ इंटरफेस आणि दोन-तीन माइक एवढ्यावर घरच्या खोलीत काम भागते. तरीही पुष्कळदा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. मग दोष माइकला दिला जातो आणि महागडा माइक घेतला जातो. माझे म्हणणे एवढेच आहे, की पहिला खर्च माइकवर करू नका. आधी खोली सुधारा, कारण दोष बहुधा तिचाच असतो.

गाद्या मोजणारा प्राध्यापक

खोलीचा आवाजावरचा हा परिणाम मोजून सिद्ध केला भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांनी. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणेच कळेना. सबाइन यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री तिथे आणल्या, ऑर्गनची एक नळी वाजवली आणि आवाज विरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजले. गाद्या वाढवत गेले तसा घुमण्याचा काळ कमी होत गेला. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरतात. खोलीचे घनमीटरमधले आकारमान 0.161 ने गुणायचे आणि खोलीतल्या एकूण ध्वनिशोषणाने भागायचे, की घुमण्याचा काळ सेकंदांत मिळतो.

हा हिशेब आपल्याकडच्या खोलीला लावू. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे 34 घनमीटर. सिमेंटचे गुळगुळीत प्लास्टर त्यावर पडलेल्या आवाजापैकी जेमतेम तीन टक्के शोषते, बाकीचा परत फेकते. रिकाम्या खोलीत आवाज विरायला जवळजवळ 3 सेकंद लागतात. चार माणसे आत बसली की हा काळ दीड सेकंदाच्या आत येतो, कारण अंग आणि कपडेही आवाज शोषतात. भिंतीपासून वीतभर अंतर सोडून दहा-बारा चौरस मीटर जाड गोधड्या टांगल्या, तर तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास उतरतो. गाण्यातला प्रत्येक शब्द आता सुटा ऐकू येतो.

गोधडी हे काम करते ती तिच्या धाग्यांमधल्या हवेमुळे. आवाजाची लाट त्या बारीक वाटांत शिरते, घर्षणाने तिच्या ऊर्जेची उष्णता होते. मात्र खर्जाच्या लांब लाटांना एवढी जाडी पुरत नाही. दहा फूट अंतरावरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे 57 हर्ट्झची लाट नेमकी बसते आणि फुगते. लांबी, रुंदी आणि उंची सारखीच असेल तर तिन्ही दिशांना तोच स्वर फुगतो. म्हणून चौकोनी ठोकळ्यासारखी खोली टाळावी. कोपऱ्यांत खर्ज सर्वांत जास्त साचतो. तिथे कोरड्या तणसाने गच्च भरलेली पोती जमिनीपासून उंच रचावीत. धानपट्ट्यात हा माल विकत घ्यावा लागत नाही. फक्त आगीपासून जपा. विजेचे बोर्ड, वायरी आणि उदबत्ती त्याच्या जवळ नको.

एक गैरसमज इथेच दूर करू. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले की बाहेरचा आवाज थांबतो, असे अनेकांना वाटते. आवाज अडतो तो वजनाने, आणि पुठ्ठ्याला वजन नसते. जुन्या घरांची जाड मातीची भिंत या कामात कितीतरी सरस. फट मात्र सगळे घालवते. भिंतीच्या शंभराव्या भागाइतकी फट राहिली, तर भिंत कितीही जाड असली तरी 20 डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. म्हणून दाराखालची फट आधी बुजवा. राहिलेला गोंगाट वेळ साधून टाळा. सबाइनही शहराची वर्दळ थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर मोजमापे घेत.

ढोलकी आणि माइकचे अंतर

साध्या ताणलेल्या चामड्यावर थाप मारली की निघणाऱ्या उपस्वरांची आपसांत जुळणी नसते, म्हणून नुसता धपका ऐकू येतो. तबल्याच्या, मृदंगाच्या शाईमुळे ते उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटींत येतात आणि वाद्य सुरात बोलते. हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1920 मध्ये 'नेचर' नियतकालिकातून मांडले. ढोलकीच्या शाईच्या बाजूलाही हेच तत्त्व लागू पडते. तिचा स्वर एका बाजूला आणि घुमारा दुसऱ्या बाजूला. एकच माइक असेल तर तो एका पुडीला न चिकटवता, दोन्ही बाजू सारख्या ऐकू येतील असा समोर ठेवावा.

अंतराचा नियम सोपा आहे. अंतर निम्मे केले की थेट येणारा आवाज 6 डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. गायकाच्या तोंडापासून चार फुटांवरचा माइक एका फुटावर आणला, की 12 डेसिबलची कमाई होते, तीही फुकट. टाळ मात्र लांब बसवावेत, नाहीतर ते सगळ्यांवर चढतात. ही युक्ती फार जुनी आहे. 1902 मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात भारतीय गायकांचे मुद्रण करायला आले, तेव्हा विजेवरचे मुद्रण नव्हते. ते तंत्र आले 1925 मध्ये. तोवर एका कर्ण्यासमोर कोण किती अंतरावर, यावरच सारा तोल सांभाळला जाई.

पुढचे काम यंत्राचे. सेकंदाला 48,000 वेळा मोजमाप घेतले, की माणसाला ऐकू येणारी 20,000 हर्ट्झपर्यंतची प्रत्येक लाट पकडता येते. 24 बिटांच्या मुद्रणात प्रत्येक मोजमापाला सुमारे 1 कोटी 67 लाख पायऱ्या मिळतात. त्यामुळे आवाजाची पातळी कमाल मर्यादेच्या दहा-बारा डेसिबल खाली ठेवली तरी काही गमावत नाही, आणि ऐन रंगात आलेली थाप फाटत नाही. या दर्जाच्या एका माइकच्या एका मिनिटाला साडेआठ मेगाबाइटच्या वर जागा लागते. आठ माइकचे पाच मिनिटांचे गाणे साडेतीनशे मेगाबाइटच्या आत मावते.

1902 मध्ये गैसबर्गसमोर गायलेल्या गायिका गौहर जान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने सांगत. म्हणून ती तबकडी कोणाची, हे आजही ऐकूनच कळते. आपल्या मंडळाचे मुद्रण कराल तेव्हा गाणे सुरू होण्याआधी गावाचे नाव, मंडळाचे नाव, गायक-वादकांची नावे आणि तारीख माइकसमोर स्पष्ट बोला. मूळ फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवा. आणि ज्यांचा गळा अजून चालतो, त्या गावातल्या ज्येष्ठ शाहिरांना पहिला मान द्या.