लेकराला तिथं ताप आला तर?

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात जालन्यातल्या आमच्या गल्लीत एका घरी परदेशाची बांधाबांध चालली होती. पोरगी शिकायला इंग्लंडला निघाली होती. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजणी आणि एका डब्यात सुंठ-ओवा. डब्याला चिकटपट्टी लावता लावता तिची आई मला म्हणाली, "काका, लेकराला तिथं ताप आला तर कोण बघंल?" मला उत्तर सुचले नाही. आठवली ती आनंदीबाई जोशी.

आनंदीबाई म्हटले की आपल्याला पदवी आठवते, पण तिचे आजारपण आपण दोन ओळींत उरकतो. 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून बोटीत पाय ठेवला तेव्हा ती अठरा वर्षांची होती, आणि तेव्हाही ती धडधाकट नव्हती. डोकेदुखी, बारीक ताप, धाप हे सारे निघण्याआधीपासून चालूच होते. थिओडिसिया कार्पेंटर या अमेरिकन बाईंनी तर तिला न पाहताच तिकडून औषधे धाडली होती, पण गुण आला नाही. अशा प्रकृतीने ती 4 जून रोजी न्यूयॉर्कला उतरली. कार्पेंटरबाईंनी तिला घरच्या लेकीसारखे ठेवून घेतले. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात मात्र गाठ पडली ती थंडीशी. अंगावर लुगडे, पोटात शाकाहार, आणि खोलीतली शेगडी धड पेटत नसे. पेटवली तर धूर, न पेटवली तर गारठा.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉकने 1882 मध्येच दाखवून दिला होता. पण स्ट्रेप्टोमायसिन सापडायला 1943 उजाडले. म्हणजे शत्रूचे नाव कळले होते, हत्यार नव्हते. मोकळी हवा, सकस अन्न आणि विश्रांती, एवढाच काय तो उपाय. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलीला यातले काय मिळणार होते?

11 मार्च 1886 रोजी पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातला स्त्रियांचा कक्ष तिची वाट पाहत होता. नोव्हेंबरमध्ये मुंबईला उतरली ती खंगलेलीच, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात गेली. बाविशीही गाठली नव्हती. रोग तिला अमेरिकेत जडला की इथूनच सोबत गेला, हे सांगता येणार नाही. हा जंतू शरीरात वर्षानुवर्षे झोपून राहू शकतो. तेव्हा समुद्र ओलांडल्याला दोष देणाऱ्यांचे काही खरे नाही, आणि तिकडच्या थंडीवर सारे ढकलणाऱ्यांचेही नाही.

आता गंमत पाहा. सहा महिन्यांहून अधिक मुक्कामासाठी ब्रिटनला जाणाऱ्या भारतीयांना आज व्हिसाआधी क्षयाची तपासणी करून घ्यावी लागते. आमच्या गल्लीतली पोरगी त्या छातीच्या फोटोसाठी रात्रीच्या देवगिरीने मुंबईला जाऊन आली. शिवाय विद्यार्थ्याला वर्षाला 776 पौंड आरोग्य-अधिभार आगाऊ भरावा लागतो. तो भरला की तिथली सरकारी वैद्यकीय सेवा मिळते. मात्र जवळच्या डॉक्टरकडे नाव आपले आपणच नोंदवायचे असते, ते कोणी घरी येऊन लिहून घेत नाही. अमेरिकेत तर विम्याशिवाय दवाखान्याची पायरी चढणे म्हणजे शेत गहाण टाकण्यासारखेच. आणखी एक, नेहमीच्या गोळ्यांची चिठ्ठी नेताना औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. इथले छापाचे नाव तिकडच्या दुकानदाराला कळत नाही. आपले पॅरासिटामॉलसुद्धा अमेरिकेत ॲसिटामिनोफेन होते.

हे सारे त्या पोरीला मी बजावून सांगितले होते. तिने मान डोलावली आणि नाव काही नोंदवले नाही. नोव्हेंबरात ताप भरला. तीन दिवस घरी पत्ता नाही. फोनवर म्हणे, "अभ्यास आहे गं, झोपते आता." शेजारच्या खोलीतल्या नायजेरियन मुलीने भात मऊ शिजवून भरवला आणि चौथ्या दिवशी हाताला धरून डॉक्टरकडे नेले. न्यूमोनियाची सुरुवात होती. वेळेत औषध मिळाले.

आनंदीबाईंच्या काळी पत्र पोचायला आठवडेच्या आठवडे लागत. पत्रात ताप लिहिला तरी तो इकडे वाचला जाईपर्यंत तिकडे काय झाले असेल कोण जाणे. आता चेहरा समोर दिसतो. तरीही पोरं लपवतातच. पैसे खर्चून पाठवलेल्या आईबापांना कसे सांगायचे, म्हणून.

परवा मी त्यांच्याकडे बसलो असताना पोरीचा फोन आला. पडद्यावर नुसता अंधार. आई एवढेच म्हणाली, "दिवा लाव आधी. तोंड दाखव."