नीत्शे, त्याची बहीण आणि मनू

नीत्शेचे नाव निघाले की दोन गोष्टी हटकून ऐकू येतात. ईश्वर मृत झाला असे सांगणारा तो हाच, आणि हिटलरचा वैचारिक गुरू तोही हाच. पहिली गोष्ट त्याच्या ग्रंथांत आहे. दुसरीची कथा जरा निराळी आहे.

जानेवारी १८८९ मध्ये इटलीतील तुरिन शहरी नीत्शेची बुद्धी भ्रमली. त्यानंतर तो अकरा वर्षे जगला, पण लेखणी संपली ती संपलीच. मागे उरलेल्या वह्या व चिठोऱ्या बहीण एलिझाबेथच्या हाती गेल्या. तिचा नवरा कट्टर ज्यूद्वेष्टा होता व त्यावरून नीत्शेचे तिच्याशी बिनसलेही होते. अशा या बहिणीने सहकाऱ्यांच्या साह्याने टिपणे निवडून, आपल्या मताने क्रम लावून १९०१ मध्ये ‘विल टू पॉवर’ हा ग्रंथ काढला. त्यात ४८३ उतारे होते, ते १९०६ च्या आवृत्तीत १०६७ झाले! भावाचा हाच मुख्य ग्रंथ, असा तिचा दावा होता. नाझी काळातील बॉयम्लरसारख्या भाष्यकारांनी त्यावरच आपली इमारत रचली. १९३५ मध्ये ती वारली तेव्हा अंत्यविधीला स्वतः हिटलर हजर होता.

महायुद्धानंतर नीत्शेला या संगतीतून सोडवण्याचे काम सुरू झाले. अमेरिकेत वॉल्टर कॉफमनने १९५० च्या आपल्या ग्रंथात दाखवले की, नीत्शेचे सामर्थ्य म्हणजे इतरांवरील सत्ता नव्हे, तर प्रामुख्याने स्वतःवर मिळवलेला विजय होय. हायडेगरची व्याख्याने १९६१ मध्ये छापली गेली. त्याच्या मते खरा नीत्शे अप्रकाशित टिपणांतच आहे. पुढे कोल्ली व मोंतिनारी या इटालियन विद्वानांनी १९६७ पासून सर्व टिपणे कालक्रमाने छापण्यास आरंभ केला, आणि ‘विल टू पॉवर’ लिहिण्याचा बेत नीत्शेने १८८८ मध्येच सोडला होता हे स्पष्ट झाले. (याच टिपणांत छत्री विसरल्याचे एक सुटे वाक्य आहे. देरिदाने त्यावरही पुष्कळ ऊहापोह केला आहे.)

परिणाम असा की, सारे खापर बहिणीच्या माथी फोडण्याची सोय झाली. पण ते न्याय्य आहे काय?

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वाचन लक्षात घ्यावेसे वाटते. ‘फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम’ हे त्यांचे लेखन महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये तिसऱ्या खंडात प्रसिद्ध केले. जरथुष्ट्र हे मनूचेच नवे नाव होय, असे ते त्यात म्हणतात. मात्र तुलना करताना ते भेदही दाखवतात : नीत्शेचा अतिमानव गुणांनी मोठा, तर मनूचा केवळ जन्माने. म्हणजे या तुलनेत नीत्शेपेक्षा मनूच अधिक दोषी ठरतो. महत्त्वाचे म्हणजे बाबासाहेबांचा मुख्य आधार बहिणीने जुळवलेले पुस्तक नसून ‘अँटिख्रिस्ट’ आहे, आणि तो ग्रंथ नीत्शेने शुद्धीवर असताना स्वतः पूर्ण केलेला आहे.

नीत्शेला मनू भेटला तो १८८८ मध्ये, जाकोल्यो नावाच्या फ्रेंच लेखकाच्या भाषांतरातून. हे भाषांतर फारच बेभरवशाचे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवून गेलेल्या ब्यूलरचे अधिक विश्वसनीय इंग्रजी भाषांतर १८८६ मध्येच निघाले होते. शिवाय नीत्शेचा शाळासोबती डॉयसन हा वेदान्ताचा जाणकार होता! तरी नीत्शेने जाकोल्यो प्रमाण मानला.

त्या वर्षीच्या ‘ट्वायलाइट ऑफ द आयडॉल्स’ मध्ये चांडाळांवर लादलेले निर्बंध तो सांगतो. खायला फक्त कांदा-लसूण, प्यायला डबक्यातले पाणी. तेथे या क्रौर्याने तोही अस्वस्थ झालेला दिसतो. काही आठवड्यांतच लिहिलेल्या ‘अँटिख्रिस्ट’ मध्ये मात्र वर्णांची उतरंड हा निसर्गाचाच नियम आहे, असे तो आवर्जून मांडतो. नीत्शेला सौम्य करू पाहणारे पहिल्या उताऱ्यावर बोट ठेवतील. परंतु दुसरा उतारा ओझरता शेरा नसून सविस्तर युक्तिवाद आहे, म्हणून प्रस्तुत लेखकाला बाबासाहेबांचे वाचन अधिक पटते. जाकोल्योचे शब्द चुकीचे होते हे खरे, पण त्यांतले काय उचलावे व कशाची स्तुती करावी हे नीत्शेनेच ठरवले. या दोन्ही पानांवर एलिझाबेथचा हात नाही.